टाळ्या

प्रिय इन्याकी,
तुझं पत्र पोचलं. बिल्बाओहून ईरीला यायला
त्याला एकोणीस दिवस लागले,
आमच्या गाण्याला तिकडे पोचायला चव्वेचाळीस वर्षं.
तेव्हा तक्रार नाही.

तुम्ही त्याला पॉवर पॉप म्हणता म्हणे.
आम्ही त्याला गुरुवार म्हणायचो,
कारण गुरुवारी पलाडिनोंचं तळघर रिकामं असायचं.

मूळ टेप विचारतोस. टेप नाही.
तिच्यावर पुढच्या उन्हाळ्यात रिकोच्या बहिणीचं लग्न भरलं.
अकॉर्डियन आहे, कुणा काकांचं लांबलचक भाषण आहे,
आम्ही त्याच्याखाली कुठेतरी गाडलेले.

तबकड्या तीनशे काढल्या होत्या.
चाळीस खपल्या, त्यातल्या सहा आईनेच घेतल्या,
दुकानात दर वेळी वेगळं नाव सांगून.
(तू लिहिलेली ओसाकाची किंमत
तिच्या कानावर घालायला हवी होती.)
उरलेल्या खोक्यांवर बाबांनी फ्रीझर उभा केला,
त्या वर्षी आमच्या तळघरात पाणी शिरलं होतं.
खालच्या थराने पाणी प्यालं,
वरच्याने वजन झेललं,
मधल्यातून दोन काढून पाठवते आहे.
मुलाने गाडीचा जॅक लावला तेव्हा निघाल्या.
मटारांचा वास येईल. जोरात पुसू नकोस.

डेल, माझा भाऊ, ट्यूसॉनला छपरं घालतो.
फोन केला तर म्हणाला, कोण ऐकणार?
म्हटलं, बिल्बाओत कुणीतरी एक.
बराच वेळ नुसती तारेची खरखर.
मग, करा काय करायचं ते, माझ्याकडे पैसे मागू नका.
आणि ठेवता ठेवता:
दुसऱ्या कडव्यात ‘बॉस’ नाही, ‘बस’ आहे, सांग त्याला.
इतकी वर्षं सगळे चुकीचं ऐकतात.
सगळे, म्हणजे मी आणि रिको.
आणि रिको तर आता काहीच ऐकत नाही.

आता टाळ्यांचं.
तू लिहितोस, दुसऱ्या ध्रुवपदात एक टाळी मागे पडते,
केसभर,
हवी तर कॉम्प्युटरवर अलगद उचलून
जागेवर ठेवता येईल.

ती माझी.

वेष्टनावर माझं नाव नाही.
पंधरा वर्षांची होते, हात मोकळे होते,
तेवढीच पात्रता.
एका हाताने टाळी वाजत नाही, डेल म्हणाला,
आणि आमचे दोन्ही अडकलेत.
पहिल्या खेपेला मी लोकरी हातमोजे काढायलाच विसरले,
तिघेही हसले, भट्टी घुरघुरली,
टेप पुन्हा मागे.

दुसऱ्या खेपेला, ध्रुवपदाच्या ऐन तोंडाशी
वरचं दार उघडलं. बाबा.
रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यातली पाळी संपवून
मला न्यायला आलेले, खांद्यांवर तळ्याकडचा बर्फ,
काखेत डबा.
आता ओरडणार.
पण ते पायरीवरच थांबले,
बुटाचं पाणी दुसऱ्याच्या फरशीवर नको म्हणून
एक पाय वर धरून,
बगळ्यासारखे.

मी बघितलं.
तेवढाच उशीर झाला.

गाणं संपेपर्यंत तो पाय वर होता.
मग म्हणाले, जेवण गार होतंय.
गाडीत काही नाही, नंतरही कधी नाही,
शेवटच्या आजारात मी एकदा विषय काढून पाहिला
तर म्हणाले, कुठलं तळघर?

तेव्हा ती टाळी तिथेच राहू दे.
खरखर काढ, पाण्याचे डाग काढ,
डेलचा तो एक बेसूरही काढलास तरी मी सांगणार नाही.

नाव छापलंस तर असं छाप:
लोरेन ओस्मान्स्की, टाळ्या.
लग्नाआधीचं. तेव्हा तेच होतं.

आणि एक. पैशांऐवजी प्रती दिल्यास तरी चालेल,
तीन पुरेत. एक मला,
एक डेलला, तो फोडणार नाही पण टाकणारही नाही,
आणि एक अशासाठी की
त्या दोन काढल्यापासून फ्रीझर डुगडुगतो.
नव्या तबकड्या जाड असतात ना रे?